एका रॅकमध्ये तीन हायपरव्हायझर: वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची निघाली. जालना, वाळूज, लातूर, नांदेड, गाव कुठलंही असो, सर्व्हर रूममध्ये कुणीतरी कधीतरी व्हीएमवेअर बसवून गेलंय, दुसऱ्या व्हेंडरने हायपर-व्ही लावून दिलंय, आणि आता जो सांभाळतोय त्याने पैसे वाचवायला प्रॉक्समॉक्स टाकलंय, आणि या तिन्हींना माणूस मात्र एकच. म्हणून या अंकात होस्ट सांभाळायचेच प्रश्न घेतलेत. ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढंच, की एका खऱ्या सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर ते हायपरव्हायझर, आणि ते ज्या सर्व्हरवर बसलंय तो होस्ट. व्हीएमवेअरच्या हायपरव्हायझरचं नाव ईएसएक्सआय, हायपर-व्ही मायक्रोसॉफ्टचं, आणि प्रॉक्समॉक्स लिनक्सवरचं.

प्रश्न, जालन्याहून: सर नमस्कार. मी एका स्टीलच्या कारखान्यात आयटी बघतो. चार होस्ट आहेत. दोनवर ईएसएक्सआय ७ आहे, एकावर विंडोज सर्व्हर २०१९ चं हायपर-व्ही, कारण वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने तेच लावून दिलं, आणि चौथ्यावर मी प्रॉक्समॉक्स टाकलंय. प्रत्येकाची स्क्रीन वेगळी, पासवर्ड वेगळा. मालक म्हणतात सगळं एकाच स्क्रीनवर दिसलं पाहिजे. असं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

उत्तर: आधी मालकांच्या म्हणण्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करा, बघणं वेगळं आणि चालवणं वेगळं. तिन्हीकडचं एका स्क्रीनवर बघता येतं आणि त्याला लायसन्सचे पैसेही पडत नाहीत. तिन्ही एकाच स्क्रीनवरून चालवणं मात्र चार होस्टच्या जागी परवडत नाही, त्याच्या मागं लागू नका असंच मी सांगेन.

का ते सांगतो. मायक्रोसॉफ्टचं सिस्टम सेंटर व्हर्च्युअल मशीन मॅनेजर हायपर-व्ही चालवतं, मध्ये व्हीसेंटर (व्हीएमवेअरचे सगळे होस्ट एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) असेल तर व्हीएमवेअरही बघतं, पण प्रॉक्समॉक्स त्याच्यात बसत नाही आणि चार होस्टसाठी ते विकत घेणं म्हणजे चिमणीसाठी हत्तीचा पिंजरा. लिनक्सवाले व्हर्ट-मॅनेजर सुचवतील, ते लिबव्हर्ट नावाच्या, व्हीएम सांभाळणाऱ्या लायब्ररीवर चालतं, लिबव्हर्टमध्ये ईएसएक्सआय आणि हायपर-व्हीचे ड्रायव्हर आहेत पण त्यांत मोजकीच कामं होतात, आणि गंमत नाही, खरी अडचण ही की प्रॉक्समॉक्सच्या खाली केव्हीएम, म्हणजे लिनक्समधलंच हायपरव्हायझर, असलं तरी ते लिबव्हर्ट वापरतच नाही, त्यामुळं व्हर्ट-मॅनेजरला तुमच्या प्रॉक्समॉक्सवरच्या मशिनी दिसणार नाहीत. प्रॉक्समॉक्सचं स्वतःचं डेटासेंटर मॅनेजर आहे, त्याची पहिली अल्फा डिसेंबर २०२४ मध्ये आली, पण ते प्रॉक्समॉक्सचेच वेगवेगळे होस्ट आणि क्लस्टर (एकमेकांना जोडलेल्या होस्टचे गट) एकत्र दाखवायला आहे.

म्हणून बघण्यासाठी झॅबिक्स लावा, ते सर्व्हरवर नजर ठेवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे. व्हीएमवेअर आणि प्रॉक्समॉक्ससाठी त्याच्यात तयार टेम्पलेट येतात, हायपर-व्हीच्या विंडोजवर त्याचा एजंट टाकायचा. त्याला अ‍ॅडमिनचा पासवर्ड अजिबात देऊ नका, फक्त वाचायचा अधिकार असलेला युजर पुरतो, व्हीएमवेअरमध्ये रीड-ओन्ली रोल आहे आणि प्रॉक्समॉक्समध्ये पीव्हीई-ऑडिटर. आणि झॅबिक्स या चार होस्टवर व्हीएम करून ठेवू नका, एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर वेगळं ठेवा, नाहीतर होस्ट बंद पडला की पाहारेकरीच आधी झोपणार. त्याच्यात सगळ्यात आधी स्टोरेजची रिकामी जागा लावा. थिन डिस्क आपण सगळेच वापरतो, ५०० जीबीची दिसते पण खाली १०० जीबीच घेतलेली असते, सगळ्या व्हीएम हळूहळू वाढत जातात आणि एक दिवस डेटास्टोअर, म्हणजे या डिस्क ठेवायची जागा, भरतं, मग त्याच्यावरच्या मशिनी जागच्या जागी थांबतात. हे तिन्ही प्लॅटफॉर्मवर होतं, आणि आधी कळलं तर दहा मिनिटांचं काम असतं. दुसरं, जुने स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. स्नॅपशॉट घेऊन विसरलेली मशीन डिस्क खात राहते. तिसरं होस्टचं तापमान, ते आयडीरॅक किंवा आयएलओमधून, म्हणजे डेल आणि एचपीच्या सर्व्हरमधल्या दुरून सांभाळायच्या चिपमधून, मिळतं.

चालवायला मात्र तीन स्क्रीन राहू द्या. ईएसएक्सआयला त्याचा होस्ट क्लायंट किंवा व्हीसेंटर, हायपर-व्हीला विंडोज अ‍ॅडमिन सेंटर जे फुकट आहे, आणि प्रॉक्समॉक्सचं ८००६ पोर्टवरचं पान. पासवर्ड एखाद्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, एक्सेलच्या फाइलीत नको.

आणि आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. तिन्हींना जोडणारी खरी गोष्ट म्हणजे वही. मी काही वर्षांपूर्वी एका जिनिंगच्या ठिकाणी होतो, रात्री लाइट गेली, यूपीएस पुरला नाही, सगळे होस्ट खाली गेले. लाइट आल्यावर होस्ट उठले पण व्हीसेंटर उघडेना. व्हीसेंटर स्वतःच एक व्हीएम होतं, ते नेमकं कोणत्या होस्टवर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, होस्टची सगळी नावं डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणारी सेवा) होती आणि डीएनएसचा सर्व्हर पण व्हीएमच, तो पण बंद. आयपी कुठं लिहिलेले नव्हते. अडीच वाजता मी राउटरला जोडून एकेक आयपी शोधत बसलो होतो आणि बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या होत्या, ते शेतकरी काटा होईपर्यंत थंडीत थांबले होते. ती रात्र मला अजून लागते. त्या दिवसापासून मी कुठंही गेलो की आधी वही करतो, आणि तिची एक प्रत कागदावर छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. प्रत्येक होस्टचा आयपी आणि आयडीरॅकचा आयपी, प्रत्येक व्हीएम कुठल्या होस्टवर, ती जुन्या बायॉसवर बूट होते का नव्या यूईएफआयवर, तिचा व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळा केलेला नेटवर्कचा भाग), ती बंद पडली तर कोणाचं काम थांबतं, चालू करताना कितवी, आणि तिचा बॅकअप शेवटचा कधी उलटा टाकून बघितला. प्लॅटफॉर्म कोणता का असेना, वही एकच.

चारही होस्टचं घड्याळ पण एकाच एनटीपी म्हणजे वेळ जुळवणाऱ्या सर्व्हरवरून चालवा, नाहीतर काय कधी झालं हे चार लॉग जुळवून कळणारच नाही. आणि एक काळजीची गोष्ट. तुमच्या ईएसएक्सआय ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज नावाच्या रॅन्समवेअरने जगभरातले जुने ईएसएक्सआय होस्ट लॉक केले, आणि ज्या भोकातून ते शिरल्याचं सांगितलं गेलं त्याचा पॅच २०२१ मध्येच आलेला होता. त्यामुळं होस्टचं मॅनेजमेंटचं नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर घ्या आणि इंटरनेटवरून ते दिसत नाही याची आजच खात्री करा, मालकांची स्क्रीन नंतर.

प्रश्न, परभणीहून: हायपर-व्हीवरची चालू मशीन बंद न करता प्रॉक्समॉक्सवर लाइव्ह मायग्रेट होते का?

उत्तर: नाही. लाइव्ह मायग्रेशन एकाच जातीच्या हायपरव्हायझरमध्ये होतं, आणि तिथंही एक होस्ट इंटेलचा आणि एक एएमडीचा असेल तर भरवसा धरू नये. मशीन बंद करावीच लागेल. रविवारची वेळ मागून घ्या.

प्रश्न, वाळूजहून: आमचं छोटं युनिट आहे, गाड्यांचे पार्ट बनवतो. दोन होस्ट, दहा-बारा व्हीएम. व्हीएमवेअरच्या रिन्यूअलचं कोटेशन बघून साहेबांनी सांगितलं की दुसरं काहीतरी बघा. काय बघू?

उत्तर: कोटेशन का वाढलं ते साहेबांना नीट समजावून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं आपणच काहीतरी चुकवलं. ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ ला व्हीएमवेअर घेतलं, डिसेंबरमध्ये कायमची लायसन्स विकणं बंद केलं, आता फक्त वर्गणी, आणि ती कोअरवर मोजतात, प्रोसेसरमागे कमीत कमी १६ कोअर धरून. तुमचा प्रोसेसर ८ कोअरचा असला तरी हिशोब १६ चा. फुकटचं ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केलं होतं, एप्रिल २०२५ मध्ये परत आणलं, पण ते व्हीसेंटरला जोडता येत नाही आणि बॅकअपची सॉफ्टवेअर त्याच्यावर हवी तशी चालत नाहीत, म्हणून कारखान्यासाठी ते मी धरत नाही.

हायपर-व्हीबद्दल एक गैरसमज फार आहे की ते फुकट आहे. जे खरंच फुकट होतं ते हायपर-व्ही सर्व्हर २०१९ वर थांबलं, त्याच्यापुढं आलंच नाही. आता विंडोज सर्व्हरमध्येच ते येतं, आणि स्टँडर्ड लायसन्समध्ये सगळे कोअर भरले तर दोन विंडोज व्हीएम चालवायची मुभा मिळते, चार पाहिजेत तर परत तेवढंच लायसन्स, डेटासेंटर आवृत्तीचं लायसन्स घेतलं तर हव्या तितक्या. आणि हे नीट ऐका, विंडोजच्या व्हीएम प्रॉक्समॉक्सवर नेल्या तरी हे लायसन्स लागतंच, ते होस्टच्या कोअरवर आहे, हायपरव्हायझर बदलून ते सुटत नाही. तुमच्या दहा-बारापैकी बहुतेक विंडोज असतील आणि डेटासेंटर आधीच घेतलेलं असेल तर हायपर-व्हीवर जा, सरळ हिशोब. निम्म्या लिनक्स असतील तर प्रॉक्समॉक्स. ते सॉफ्टवेअर फुकट वापरता येतं, सपोर्ट आणि एंटरप्राइज रेपॉझिटरी (नीट तपासलेले अपडेट मिळायची जागा) पाहिजे असेल तर प्रोसेसरच्या सॉकेटवर वर्षाची वर्गणी आहे, आणि कारखाना त्याच्यावर चालणार असेल तर ती घ्यावी असं माझं मत आहे.

घाई मात्र करू नका. एक होस्ट रिकामा करा, त्याच्यावर नवीन टाका, सगळ्यात बिनमहत्त्वाच्या दोन मशिनी महिनाभर चालवा, मग पुढचं.

प्रश्न, लातूरहून: दादा, मी एका क्लासेसमध्ये सिस्टम बघतो. ईएसएक्सआयवरच्या दोन मशिनी प्रॉक्समॉक्सवर आणल्या. विंडोज सर्व्हर २०१६ चालूच होईना, निळी स्क्रीन येतेय आणि बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतेय. उबंटू चालू झाली पण तिला नेटवर्कच नाही. रात्रभर बसलो. टेस्ट सिरीजचे मार्क त्या विंडोजवर आहेत. काहीतरी सांगा.

उत्तर: घाबरू नका, तुमचा डेटा गेलेला नाही. दोन्ही अडचणी नेहमीच्या आहेत आणि दोन्ही सुटतात.

विंडोजचं आधी. व्हीएमवेअरमध्ये त्या मशीनला डिस्कचा कंट्रोलर वेगळा होता, प्रॉक्समॉक्समध्ये तुम्ही तिला व्हर्टआयओ स्कझीवर, म्हणजे व्हीएमसाठीच्या खास कंट्रोलरवर, लावलं असणार, आणि विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधीपासून नसतो, म्हणून तिला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. मशीन बंद करा, डिस्क डिटॅच करून साटावर लावा, बूट ऑर्डरमध्ये ती पहिली आहे ना ते बघा आणि चालू करा. चालू झाली की एक जीबीची छोटी दुसरी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडा, व्हर्टआयओची आयएसओ लावून ड्रायव्हर टाका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ती छोटी डिस्क दिसायला लागली की समजा ड्रायव्हर बसला. मग बंद करून मोठी डिस्क व्हर्टआयओवर आणा आणि छोटी काढून टाका. साटावर लावूनही विंडोजचा लोगोच आला नाही तर अडचण वेगळी आहे, जुनी मशीन यूईएफआयवर होती आणि तुम्ही प्रॉक्समॉक्समध्ये डिफॉल्ट सीबायॉस म्हणजे बायॉस ठेवलंय, ते ओव्हीएमएफ म्हणजे यूईएफआय करा. हायपर-व्हीवरून आणणाऱ्यांनी पण हे ध्यानात ठेवा, तिथलं जनरेशन १ म्हणजे बायॉस आणि जनरेशन २ म्हणजे यूईएफआय.

विंडोजमध्ये नेटवर्कचा आयपी परत टाकताना ती म्हणेल की हा आयपी दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरला दिलेला आहे. तो जुना व्हीएमवेअरचा अ‍ॅडॉप्टर, आता दिसत नाही पण रजिस्ट्रीत बसलेला आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली डिव्हाइस दाखवा म्हणून तो काढून टाका. व्हीएमवेअर टूल्स जुन्या जागी असतानाच काढायला पाहिजे होतं, नंतर काढताना ते फार त्रास देतं, पुढच्या मशीनला तसंच करा.

उबंटूचं सोपंय. व्हीएमवेअरमध्ये तिच्या नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१६० किंवा ईएनएस१९२ असं असतं, प्रॉक्समॉक्समध्ये ते बहुतेक वेळा ईएनएस१८ होतं. नेटप्लॅनच्या, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलीत जुनं नाव लिहिलेलं आहे म्हणून आयपी कुणालाच मिळत नाही. कन्सोलवरून आत जा, आयपी लिंक कमांडने आत्ताचं नाव बघा, फाइलीत बदला, नेटप्लॅन अप्लाय. एवढंच. डीएचसीपीमध्ये मॅक अ‍ॅड्रेसवर आयपी बांधला असेल तर जुना मॅक अ‍ॅड्रेसच नव्या मशीनला द्या.

पुढच्या मशिनींसाठी, प्रॉक्समॉक्स ८.२ म्हणजे एप्रिल २०२४ पासून त्याच्यातच ईएसएक्सआयवरून थेट आणायचा विझार्ड आहे, ईएसएक्सआय स्टोरेज म्हणून जोडायचं आणि मशीन निवडायची. आणायच्या आधी जुन्या मशीनचे सगळे स्नॅपशॉट संपवा आणि ती नीट शटडाउन करा. हायपर-व्हीची व्हीएचडीएक्स डिस्क-फाइल असेल तर क्यूइमू-इमेज कन्व्हर्ट कमांडने प्रॉक्समॉक्सला चालणारी क्यूकाउ२ करून घेता येते. आणि जुनी मशीन पुसू नका, पण दोन्ही एकाच वेळी नेटवर्कवर चालूही ठेवू नका, डोमेन कंट्रोलर (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा विंडोज सर्व्हर) असेल तर अजिबातच नाही. जुन्या मशीनचं नेटवर्क कार्ड काढून ठेवा म्हणजे चुकून चालू झाली तरी गोंधळ नाही. पंधरा दिवस गेले की मग पुसा.

प्रश्न, धाराशिवहून: मी एका पतसंस्थेत काम करते. दोन प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर आहे आणि एक हायपर-व्ही. उन्हाळ्यात लाइट सारखी जाते, यूपीएस वीस मिनिटं पुरतो. एकदा लाइट आल्यावर दोन्हींपैकी एकच होस्ट उठला आणि त्याने एकही मशीन चालू केली नाही. असं का झालं?

उत्तर: ताई, त्याने बरोबरच केलं. क्लस्टरमध्ये होस्ट मतदान करतात, निम्म्याहून जास्त मतं असल्याशिवाय कुणी काही चालू करत नाही, त्याला कोरम म्हणतात. दोनपैकी एकच उठला म्हणजे एक मत, निम्मंच, म्हणून तो थांबून राहिला. नाहीतर दोघांनी एकच मशीन दोन्हीकडं चालू करून खात्यांचा डेटा खराब केला असता. तिसरं मत द्यायला तिसरा मोठा होस्ट लागत नाही, एखाद्या छोट्या लिनक्स मशीनवर क्यूडिव्हाइस टाका, ती मतापुरतीच असते. फक्त ती त्या दोघांपैकी कुणावर व्हीएम म्हणून ठेवू नका.

आता वीस मिनिटांचं. नेटवर्क यूपीएस टूल्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लोक नट म्हणतात. यूपीएसची यूएसबी वायर एका प्रॉक्समॉक्सला लावा, तो बाकीच्यांना नेटवर्कवरून सांगतो की बॅटरी संपत आली, बंद व्हा, विंडोजसाठी पण त्याचा क्लायंट मिळतो. पण निरोप जायला नेटवर्क स्विच चालू पाहिजे, आणि मी कितीतरी ठिकाणी बघितलंय की सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच साध्या बोर्डावर. तो आज हलवा.

बंद व्हायचा क्रम लिहून ठेवा. आधी अ‍ॅप्लिकेशन, मग डेटाबेस, मग डोमेन कंट्रोलर, शेवटी होस्ट, आणि चालू करताना उलटा. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक मशीनला क्रम आणि मधली थांबायची सेकंदं देता येतात. हायपर-व्हीमध्ये होस्ट बंद होताना मशीन सेव्ह करायची अशी मुळातली सेटिंग असते, म्हणजे सगळी मेमरी डिस्कवर लिहीत बसते, यूपीएस संपत आलेला असताना ते नको, ती सेटिंग शटडाउनवर करा. वाचकांपैकी कुणाकडं सुटं ईएसएक्सआय असेल तर तिथं ऑटोस्टार्ट मुळात बंद असतं, ते चालू केल्याशिवाय लाइट आल्यावर होस्ट उठतो आणि मशिनी तशाच पडून राहतात.

आणि एसी. बाहेर ४२ डिग्री असताना होस्ट उठले आणि एसी उठलाच नाही असं आपल्याकडं दर मे महिन्यात होतं, कारण बऱ्याच एसींना लाइट आल्यावर आपोआप चालू होणं नसतं किंवा बंद ठेवलेलं असतं. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ डिग्री असावी असं धरतात. एसीचं ऑटो रिस्टार्ट तपासा, नसेल तर रात्रीच्या वॉचमनला रिमोट आणि एक ओळ लिहून द्या.

प्रश्न, नांदेडहून: तिन्ही प्लॅटफॉर्मचा बॅकअप एकाच सॉफ्टवेअरमध्ये होतो का? सध्या स्नॅपशॉट घेऊन ठेवतो.

उत्तर: स्नॅपशॉट हा बॅकअप नाही, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले. एका सॉफ्टवेअरमध्ये होतं. व्हीम नावाचं सॉफ्टवेअर व्हीएमवेअर आणि हायपर-व्हीला आधीपासून करतं, प्रॉक्समॉक्सला ऑगस्ट २०२४ च्या १२.२ पासून, आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती १० मशिनींपर्यंत फुकट आहे. फक्त प्रॉक्समॉक्स असेल तर त्यांचं स्वतःचं बॅकअप सर्व्हर मला जास्त आवडतं, हलकं आहे. बॅकअपचा सर्व्हर डोमेनला जोडू नका, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, आणि एक प्रत बाहेर न्या. महिन्याला एक मशीन निवडून खरंच उलटी टाका, नेटवर्क न जोडता चालू करा, आत जाऊन कालची एन्ट्री दिसते का बघा, आणि तारीख वहीत लिहा.

प्रश्न, हिंगोलीहून: मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी जुना डेस्कटॉप आहे, १६ जीबी रॅम. तिन्हींपैकी काय शिकू?

उत्तर: प्रॉक्समॉक्सपासून सुरू करा. बायॉसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, ते बऱ्याचदा बंद असतं. दोन लिनक्स मशिनी करा, दोघींना वेगवेगळ्या व्हीलॅनवर टाका आणि मध्ये राउटर म्हणून तिसरी बसवा, कारण ब्रिज आणि व्हीलॅन एकदा कळले की व्हीस्विच, म्हणजे व्हीएमना नेटवर्कला जोडणारा आभासी स्विच, तिन्हीकडं फक्त नावाने वेगळा राहतो. मग विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी आवृत्ती घेऊन त्याच प्रॉक्समॉक्सच्या आत व्हीएम म्हणून टाका, सीपीयूचा प्रकार होस्ट ठेवा, आणि तिच्या आत हायपर-व्ही चालू करून बघा. मग एक मशीन मुद्दाम मोडा आणि बॅकअपवरून परत आणा. कुठं अडलात ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात घेतो.